खेळ विकतचा, मालकी उसनी

मध्यमवर्गीय मराठी घरात मोठी खरेदी पुढे ढकलण्याचं एक सभ्य कारण फार वर्षांपासून चालत आलं आहे. 'नवं मॉडेल येतंय म्हणे, जरा थांबू या.' स्कूटरच्या बाबतीत ते चाललं, रंगीत टीव्हीच्या बाबतीत चाललं, संगणकाच्या बाबतीत तर फारच चाललं. आता ते प्लेस्टेशनच्या बाबतीत चालतं. मुलगा हट्ट धरतो, आई किंमत विचारते, आकडा ऐकताच बाबांना तंत्रज्ञानाची एकदम माहिती होते आणि ते सांगतात, आत्ताचं यंत्र २०२० सालचं आहे, पुढचं आलं की घेऊ. हल्लीची मुलं या युक्तीला फसत नाहीत हा भाग वेगळा. पण त्या 'पुढच्या' यंत्राकडून आपण नक्की काय मागायचं, हा प्रश्न मला बाबांच्या सबबीपेक्षा बराच गंभीर वाटतो. तो फक्त मुलांचा नाही, घराचा आहे.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्लेस्टेशन म्हणजे सोनी या जपानी कंपनीचा, टीव्हीला जोडून खेळ खेळण्याचा डबा. पहिला ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात विक्रीला आला, दुसरा २००० साली, तिसरा २००६, चौथा २०१३ आणि पाचवा नोव्हेंबर २०२० मध्ये. साधारण सहा-सात वर्षांनी एक पिढी. या हिशेबाने सहाव्याची चाहूल लागण्याचे हे दिवस, आणि ती लागलीही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या यंत्रांचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी, चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या अधिकाऱ्यासोबत एका चित्रफितीत नव्या तंत्राची ओळख करून दिली. प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे कसे पडतील, कमी ताकदीत जास्त रेखीव चित्र कसं काढता येईल, अशी ती चर्चा होती. हे सगळं अजून कागदावर, म्हणजे संगणकातल्या प्रयोगापुरतंच आहे आणि काही वर्षांत येणाऱ्या यंत्रात ते आणण्याची आपल्याला उत्सुकता आहे, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

थोडक्यात, चित्र आणखी सुंदर होणार. होऊ दे. पण या चित्राच्या सुंदरतेचा एक हिशेब आपण मांडून पाहू. यंत्राची काम करतानाची मेमरी हे त्याच्या ताकदीचं एक ढोबळ माप. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट. दुसऱ्याची ३२. तिसऱ्याची, दोन भाग मिळून, ५१२. चौथ्याची ८ गिगाबाइट. म्हणजे दर पिढीला सोळा पट, सोळा पट, सोळा पट. आणि पाचव्याची? १६ गिगाबाइट, फक्त दुप्पट. पहिल्या यंत्रावरची माणसं पुठ्ठ्याचे खोके एकमेकांना चिकटवल्यासारखी दिसायची. तिसऱ्यापर्यंत फुटबॉलपटूच्या कपाळावरचा घाम दिसू लागला. चौथ्या आणि पाचव्यातला फरक मात्र मला भाच्याने टीव्हीजवळ नेऊन, बोट ठेवून दाखवावा लागला. ("मावशी, डबक्यात बघ, डबक्यात! पाटी उलटी दिसते की नाही?" दिसली खरी.) पाचव्या यंत्राने खरी सोय केली ती वेगळीच. आतल्या वेगवान साठवणीमुळे खेळ सुरू होण्याची वाट पाहणं जवळजवळ संपलं. ते काही थोडं नव्हे.

फरक कमी झाल्याचा आणखी एक पुरावा दुकानातच मिळतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' हा खेळ २०१३ मध्ये तिसऱ्या प्लेस्टेशनवर आला, २०१४ मध्ये चौथ्यावर, २०२२ मध्ये पाचव्यावर. 'द लास्ट ऑफ अस'चीही तशीच तीन रूपं, त्याच तीन यंत्रांवर आणि त्याच तीन सालांत. एकच साडी तीनदा इस्त्री करून तीनदा विकावी तसं हे झालं, आणि घेणाऱ्यांनी ती आनंदाने घेतली.

म्हणून पुढच्या पिढीकडून माझी अपेक्षा चित्राची नाही. माझी अपेक्षा आहे ती एका खाचेची. डिस्क आत सरकवण्यासाठी यंत्राच्या तोंडाशी असते ती खाच. ती राहावी, आणि मुळातच यंत्रात असावी.

एवढ्याशा खाचेसाठी एवढा आग्रह का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. प्लेस्टेशनचा जन्मच मुळी सीडीच्या पोटी झाला. सोनीचे अभियंता केन कुतारागी निन्टेंडो या तेव्हाच्या बलाढ्य कंपनीसाठी सीडीवर चालणारं यंत्र करण्याच्या खटपटीत होते. १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात निन्टेंडोने सोनीला बाजूला सारून फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. भर मांडवात लग्न मोडावं, तसा प्रकार. त्या अपमानातून सोनीने स्वतःचं यंत्र काढलं. तेव्हा खेळ यायचे कार्ट्रिजवर. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' नावाच्या नकली यंत्रांवर तीच जाडजूड कार्ट्रिजं चालायची आणि ती चालेनाशी झाली की तोंडाने फुंकर मारायची, हे चाळिशीतल्या वाचकांना आठवत असेल. कार्ट्रिजमध्ये खरोखरची चिप असे, त्यामुळे ती महाग पडत आणि आधीपासून मागणी नोंदवून ठेवावी लागत. सीडी छापायची तर स्वस्तात, झटपट, हवी तेव्हा. खेळ बनवणारे निन्टेंडोकडून सोनीकडे वळले ते मोठ्या प्रमाणात याच कारणाने. निन्टेंडोने १९९६ च्या यंत्रातही कार्ट्रिजचाच हट्ट धरला आणि 'फायनल फॅन्टसी सेव्हन' हा गाजलेला खेळ १९९७ मध्ये तीन सीडींवर पसरून प्लेस्टेशनवर आला. पुढे दुसऱ्या प्लेस्टेशनवर डीव्हीडी चाले, त्यामुळे अनेक घरांत सिनेमाचं यंत्रही तेच झालं. ते जगभर १६ कोटींच्या घरात खपलं. तिसऱ्याने ब्लू-रे डिस्क घरोघर नेली. म्हणजे या कंपनीची पुण्याई डिस्कची आहे.

आणि २०१३ मध्ये तर या डिस्कने तिला पुन्हा तारलं. मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्सवर त्या वर्षी काही अटी जाहीर झाल्या होत्या. यंत्राने रोज एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, आणि विकत घेतलेला खेळ दुसऱ्याला द्यायचा तर त्यावर बंधनं. लोक भडकले. जून महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सोनीने व्यासपीठावरून सांगितलं, आमच्याकडे असलं काही नाही. जोडीला अर्ध्या मिनिटाचीही नसेल अशी एक चित्रफीत काढली. खेळ दुसऱ्याला कसा द्यावा याची 'अधिकृत माहिती' देणारी. त्यात सोनीचे शुहेई योशिदा खेळाची डबी शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात देतात, तो 'थँक्स' म्हणतो आणि चित्रफीत संपते. प्रदर्शनातल्या कोणत्याही महागड्या जाहिरातीपेक्षा ती जास्त गाजली. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. ती पिढी सोनीने जिंकली त्यात या हातातून हातात गेलेल्या डबीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

पण त्यानंतर काय झालं ते पाहा. २०२० मध्ये पाचवं यंत्र दोन रूपांत आलं, एक डिस्कवालं आणि एक बिनडिस्कचं, थोडं स्वस्त. २०२३ च्या सडपातळ आवृत्तीत डिस्कचा भाग सुटा झाला, हवा तर जोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'प्रो' या सर्वांत महागड्या मॉडेलमध्ये, अमेरिकेत सातशे डॉलर मोजूनही, डिस्कचा भाग नव्हताच. तो आणखी ऐंशी डॉलरला वेगळा. वाड्याचा दिंडी दरवाजा आधी अर्धा बंद करावा, मग कडी लावावी, मग हळूच भिंत घालावी, तशी ही चाल आहे. पुढची पायरी कोणती असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर यात नवल नाही. डिस्क म्हटली की छापणारा आला, वाहतूक आली, वितरक आला, कोपऱ्यावरचा दुकानदार आला. प्रत्येकाचा वाटा. शिवाय डिस्क एकदा विकली की ती पुढे चार हातांतून फिरते आणि त्या फिरण्यातून कंपनीला छदाम मिळत नाही. उलट खेळ तिच्याच ऑनलाइन दुकानातून उतरवून घेतला तर खेळ बनवणाऱ्यांकडून साधारणपणे तीस टक्के दलाली तिच्या हाती, आणि दुकान एकच असल्यामुळे भाव तोच. भारतात पाचव्या यंत्राबरोबर आलेल्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये होती. डिस्क असेल तर लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करता येते, खेळून झाल्यावर विकून निम्मे-शिम्मे पैसे परत मिळवता येतात, मित्राशी अदलाबदल करता येते. ऑनलाइन दुकानाच्या काउंटरवर घासाघीस कोणाशी करणार?

वस्तू विकल्यावर तिच्यावर विकणाऱ्याचा हक्क किती उरतो, हा वाद नवा नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या आतच छापून टाकलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकणं हा आमच्या हक्कांचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रसिद्ध दुकानाने ते खुशाल ८९ सेंटला विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. एकदा विकलंत ना, मग पुढे तो कितीला विकतो हे सांगणारे तुम्ही कोण, असा त्याचा मथितार्थ. जुन्या पुस्तकांची दुकानं आणि आपली वाचनालयं याच साध्या समजुतीवर जगली. आपल्याकडे एक दिवाळी अंक वाचनालयातून, शेजारणीकडून, माहेरी-सासरी होत होत संक्रांतीपर्यंत दहा घरं फिरून येतो. ऑनलाइन घेतलेल्या खेळाचं मात्र असं नाही. तिथे आपण खेळ घेतच नाही, खेळण्याची परवानगी घेतो. हे इतकं सर्रास झालं की कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला. अशा ठिकाणी 'विकत घ्या' हा शब्द वापरायचा असेल तर ही फक्त परवानगी आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. २०२५ च्या जानेवारीपासून तो लागू झाला.

परवानगी म्हणजे काय, हे माझ्या डोंबिवलीच्या मावसबहिणीच्या घरी मी जवळून पाहिलं. यंत्र कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण नियम सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. तिचे दोन मुलगे. मोठ्याने शिकवणी घेऊन साठवलेल्या पैशांतून खेळ घेतले, काही डिस्कवर, बरेचसे ऑनलाइन. ते त्याच्या खात्यावर, आणि घरचं यंत्र त्या खात्याचं मुख्य यंत्र, म्हणून धाकटाही खेळायचा. मोठा शिकायला जर्मनीला गेला. वर्षभराने तिथे त्याने एक जुनं यंत्र घेतलं आणि आपलं खातं तिकडे मुख्य केलं. यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण त्या रात्री डोंबिवलीत धाकट्याच्या पडद्यावर एकेका खेळावर कुलपाचं चिन्ह दिसू लागलं. "दादाची सायकल मला मिळाली, दादाचे शर्ट मिळाले, दादाचं कॅल्क्युलसचं पुस्तक नको असताना मिळालं, आणि गेम तेवढे दादाबरोबर गेले," हे त्याचं म्हणणं. कपाटातल्या आठ-दहा डिस्क मात्र चालू राहिल्या. त्यांना दादा कुठे आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

दोन भावांत खेळ वाटला जात नाही, ही झाली एक गोष्ट. खेळच नाहीसा होणं ही दुसरी. मार्च २०२१ मध्ये सोनीने तिसऱ्या प्लेस्टेशनचं आणि हातात धरून खेळायच्या व्हिटा या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद करण्याचं जाहीर केलं. ओरड झाली, तेव्हा महिन्याच्या आत निर्णय फिरवला. ओरड झाली नसती तर? फ्रान्सच्या युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ मार्च २०२४ च्या अखेरीस कंपनीने आपली यंत्रणा थांबवल्याबरोबर कायमचा बंद पडला. तिथे तर डिस्क घरात असूनही उपयोग झाला नाही, कारण खेळाचा जीव दूरच्या सर्व्हरमध्ये होता. पोपटात जीव ठेवलेल्या राक्षसासारखा. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्यांच्या अर्जावरच्या सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या. खेळ बंद करायचा तर करा, पण आम्हाला तो स्वतःपुरता चालवता येईल अशा स्थितीत सोडा, एवढीच त्यांची मागणी. म्हणजे नुसती डिस्क असून भागत नाही हे मला मान्य आहे. डिस्कवर पूर्ण, चालणारा खेळ असला पाहिजे. आजकाल पुष्कळ डिस्कांवर अर्धामुर्धा खेळ असतो आणि उरलेला उतरवून घ्यावा लागतो. माझ्या अपेक्षेत हे कलम दुसरं.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती आपल्या पुण्यातच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा खेळ केला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, राक्षस, पुराणकथांचं जग, कळसूत्री आणि छायाबाहुल्यांसारखी दृश्यं. लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी जमवण्याचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला, तरी २०२० मध्ये खेळ आधी निन्टेंडोच्या यंत्रावर आणि मग प्लेस्टेशनवर जगभर पोचला. तो पोचला ऑनलाइन दुकानातून. आधी हजारो डिस्क छापा आणि मग अमेरिकेतला वितरक शोधा, अशी अट असती तर ही मुलगी कर्वे रोडच्या पुढे गेली नसती. शिवाय डिस्कच्या जमान्यात आपण काही फार सज्जन नव्हतो. दुसऱ्या प्लेस्टेशनमध्ये फेरफार करून घ्यायचे आणि पन्नास-शंभर रुपयांच्या चोरीच्या सीडी आणायच्या, हे कितीतरी घरांत चालत होतं. त्याच काळात हैदराबादेत हनुमानावर आणि मुंबईत गल्ली क्रिकेटवर त्याच यंत्रासाठी देशी खेळ तयार झाले. नकली डिस्कच्या बाजारात त्यांनी खपायचं तरी कसं? तेव्हा ऑनलाइन दुकान नकोच, असं मी म्हणत नाही. ते असू दे, भरभराटीला येऊ दे. फक्त शेजारचं दुसरं दार उघडं असू दे.

आता किमतीबद्दल थोडं, कारण बाबांची सबब शेवटी तिथूनच सुरू झाली होती. 'थांबलं की स्वस्त होतं' हा आपला अनुभव दुसऱ्या प्लेस्टेशनपर्यंत अगदी खरा होता. अमेरिकेत २००० साली ते २९९ डॉलरला आलं आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागलं. पाचव्याचं उलटंच झालं. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी डिस्कवालं यंत्र ४९,९९० रुपयांना आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झालं. अमेरिकेत पाच वर्षं होत आली तरी किंमत उतरली नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये तर ती आणखी पन्नास डॉलरने वाढवली. चिप लहान करत गेलं की स्वस्त होते, हे जुनं गणित आता पूर्वीसारखं जुळत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या संगणक केंद्रांनी मेमरीच्या चिपा इतक्या उचलल्या की त्यांचे भाव कडाडले. पुढचं यंत्र स्वस्त असेल अशी आशा मी तरी धरत नाही. पण यंत्र महाग व्हायचं असेल तर खेळ परत विकण्याची, उसना देण्याची, जुना घेण्याची वाट अधिकच गरजेची होते. महागड्या यंत्राचा भार हलका करणारी एवढी एकच गोष्ट मध्यमवर्गीय घराच्या हातात आहे.

आणखी एक बारीकशी अपेक्षा खास आपल्यासाठी. २०२४ चं 'प्रो' मॉडेल जगभर विकलं गेलं तेव्हा भारतात ते आलंच नाही. त्यातल्या वाय-फायसाठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती, असं कारण कंपनीने दिलं. परवानगी नव्हती हे खरं. पण त्या लहरी बंद ठेवून यंत्र विकणं अशक्य होतं का? पुढचं यंत्र आखतानाच भारत नावाचा देश नकाशावर धरला, तर बरं.

या सगळ्यातून बाबांना काय सांगायचं? वाट पाहायची असेल तर जरूर पाहा. थांबवत नसेल आणि यंत्र घ्यायचंच असेल, तर डिस्कची खाच असलेलंच घ्या. भारतात दोन्ही रूपं आली तेव्हा त्यांच्यातला फरक होता दहा हजार रुपयांचा, म्हणजे दोन नव्या खेळांच्या किमतीएवढा. सुटा भाग नंतर जोडू, असंही दुकानदार सांगेल. त्याला एक विचारून घ्या. तो भाग यंत्राला पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून कंपनीची संमती घ्यावी लागते. पंधरा वर्षांनी, तुमचा धाकटा हा डबा माळ्यावरून काढेल तेव्हा, ती संमती द्यायला पलीकडे कोणी असेल का?